बाहेरची पोरं आणायची की इथलीच धरायची?

प्रश्न थोडक्यात असा: "गंगापूर रोडला तीन वर्षांपासून केटरिंग करतो. ३००-४०० ताटांपर्यंतची कामं घेतो. लग्नसराईत इथली पोरं ऐनवेळी दांडी मारतात, भांड्यावाल्या बायका रात्री नऊनंतर थांबत नाहीत. एक ठेकेदार परराज्यातली २५ मुलं द्यायला तयार आहे, राहायची सोय मी करायची. इथल्या लोकांना नारळ देऊन सगळं काम त्यांच्यावर सोपवू का?"

नारळ देऊ नका. निदान सगळ्यांना एकदम देऊ नका. मी हा उद्योग एकदा करून बसले आहे.

मी नाशकात सव्वीस वर्षं हे काम करते. सुरुवात सातपूरच्या कंपन्यांतल्या पोरांच्या डब्यांपासून झाली, मग बारशी-साखरपुडे, आणि आता हजार-बाराशे ताटांची लग्नं. माझ्याकडे आज इथली आणि बाहेरची, दोन्ही माणसं आहेत. त्यामुळे "इथले आळशी" आणि "बाहेरचे बेभरवशाचे" ही दोन्ही वाक्यं मी आमच्या धंद्यातल्या लोकांकडून रोज ऐकते, आणि दोन्ही सोडून देते.

आधी इथली माणसं का येत नाहीत ते बघा. आपल्याकडची हेल्पर मंडळी बरीचशी पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यातून येतात. त्यांचं वर्ष द्राक्षावर चालतं. ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, आणि जानेवारी ते एप्रिल काढणी. आपली लग्नसराई कधी? तुळशीच्या लग्नापासून पुढे जूनपर्यंत. म्हणजे आपण आणि दिंडोरी-निफाडचा बागायतदार एकाच वेळी एकाच माणसाच्या दारात उभे असतो. तिकडे टोळी उक्तं काम घेते, उजेडात हात चालतात, संध्याकाळी मोकळी होते. आपल्याकडे दुपारी दोनला बोलावतो आणि रात्री एकला सोडतो. तुम्ही त्याच्या जागी असता तर कुठे गेला असता?

त्यात सगळ्या नाशकाचे मुहूर्त एकाच दिवशी. ज्या पोराला तुम्ही हो म्हणवून घेतलं, त्याला त्याच दिवसासाठी आणखी तिघांनी फोन केलेला असतो. जो शंभर जास्त देईल त्याच्याकडे तो जातो. दांडी दांडी म्हणून आपण ओरडतो, पण आपणही पार्टी मोठी मिळाली तर छोटी तारीख सरकवतोच की.

बायकांचं तर आणखी साधं आहे. माझ्याकडे भांड्यांना सिडकोतल्या सहा जणी यायच्या. नऊ वाजले की पदर खोचलेला सोडून निघायच्या. आणि खरं भांडं पडतं साडेदहानंतर. सहा वर्षं मी चिडचिड केली. एके रात्री आडगावच्या एका लॉन्सवर त्यातल्या सगळ्यांत जुन्या मावशींना अडवलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, कामाला कोण नाही म्हणतंय? एक वाजता आम्हाला घरी सोडणार कोण? रिक्षावाला तीनशे मागतो, हजेरी निम्मी तिथंच गेली." मला कधी सुचलंच नव्हतं. माझी गाडी होती, मी आपली घरी जायचे. दुसऱ्या आठवड्यापासून छोटा टेम्पो लावला, मागे दोन बाकडी टाकली. बायका एकपर्यंत थांबायला लागल्या, वर त्यांच्या ओळखीच्या चौघी आणखी आल्या.

पैशाचंही बघा. ठेकेदाराला आपण त्याच रात्री रोख मोजून देतो, कारण तो हलत नाही. मावशींना मात्र "परवा या, घेऊन जा" म्हणतो. त्या परव्यासाठी त्यांची अर्धी हजेरी बुडते. मग मावशी दुसरीकडे गेल्या की म्हणायचं, इथल्या लोकांना कामाची किंमत नाही.

आता ठेकेदाराचा हिशोब मांडू. आकडे मी समजायला धरते आहे, तुमचे तुम्ही घाला. समजा तो ७०० रुपये हजेरी सांगतो. पक्कं बिल घेतलंत तर मनुष्यबळ पुरवठ्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२६, झाले ८२६. हे १२६ परत मिळत नाहीत, कारण आपण पार्टीला जो ५ टक्के लावतो तो इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, न घेता असतो. तुमच्या सीएला विचारून खात्री करा, पण बहुतेक नवे लोक इथेच फसतात. २५ पोरांना तीन खोल्या, महिन्याला २१,००० धरा. महिन्यात १२ कामं असतील तर एका कामामागे एका पोराला ७० रुपये भाडं पडलं. रिकाम्या १८ दिवसांचं जेवण तुमच्याकडे असेल, तर रोजचे १०० धरून कामामागे आणखी १५०. बेरीज १,०४६. आणि ठेकेदाराने "महिन्याला २० हजेऱ्या पक्क्या" अशी अट घातली, ती तो घालतोच, तर कामं १२ आणि पैसे २० दिवसांचे; ८२६ चे तिथेच १,३७७ होतात, वर खोली नि जेवण वेगळं. इथल्या पोराला ६५० आणि टेम्पोचं भाडं पंधरा जणांत वाटून माणशी शंभर, असे ७५० पडतात.

म्हणजे बाहेरची पोरं स्वस्त पडतात हा समज डोक्यातून काढा. ती महाग पडतात. तरीही मी ती ठेवते, कारण २० तारखेच्या मुहूर्ताला सकाळी सात वाजता ती खोलीवर असतात. तो जास्तीचा पैसा मी त्या खात्रीचा समजते. मग खात्री किती माणसांची हवी, एवढाच प्रश्न उरतो, आणि २५ हे त्याचं उत्तर नक्कीच नाही. ३५० ताटांच्या बुफेला माझ्या हिशोबाने ४० ताटांमागे एक म्हणजे नऊ जण काउंटरला, चार उष्टी ताटं उचलायला, दोन पाण्याला. पंगत असेल तर १५ पानांमागे एक वाढपी लागतो, पण हल्ली पूर्ण पंगतीचं काम किती येतं?

पंगतीवरून आठवलं. ज्या वर्षी मी सगळी इथली माणसं सोडून बाहेरची २२ पोरं घेतली, त्या वर्षीची गोष्ट. मखमलाबादकडचं लग्न होतं, नवरदेवाकडच्या म्हाताऱ्या मंडळींसाठी शंभर पानांची पंगत, बाकी बुफे. पोरं चुणचुणीत, इस्त्रीचे शर्ट, हातमोजे. पहिली पंगत बसली. मीठ-लिंबू कुठे वाढायचं हे सकाळी शिकवलं होतं, ते त्यांनी बरोबर केलं. जिलबी घेऊन एक पोरगा ओळीने निघाला. पहिल्या आजोबांनी पानावर हात आडवा धरला, "नको, नको." पोरगा पुढच्या पानावर गेला. तिथेही "नको." तो पुढे. मी लांबून बघत होते. ओळीच्या टोकाला पोचला तेव्हा त्याचं ताट निम्मंसुद्धा रिकामं झालेलं नव्हतं. त्याला वाटलं, यांना जिलबी आवडत नाही. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "वाढायला माणसं आणलीत की नुसती फिरायला?"

आता त्या पोराची यात काय चूक? त्याच्या कानाने "नको" ऐकलं, तो थांबला. आपल्याकडे पहिला "नको" म्हणजे सुरुवात असते. दुसऱ्या "नको"ला हात थोडा सरकतो. तिसऱ्याला "बरं, अर्धी घाल" येतं. हे माझ्या जुन्या वाढप्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो पानावरच्या हाताकडे बघायचा. बोटं घट्ट असली तर खरंच नको, फटी असल्या तर वाढ. त्या दिवशी जिलबी उरली आणि पार्टी म्हणाली, वाढप नीट झालं नाही. पुढच्या वर्षी त्याच घरातलं दुसरं लग्न माझ्याकडे आलं नाही.

म्हणून मी कामाच्या जागा वाटून टाकल्या आहेत. बुफेचं काउंटर, वेलकम ड्रिंक, स्टार्टर फिरवणं, ताटं उचलणं, तंदूर, चायनीज, चाट, या कामांत बाहेरची मुलं इथल्यांपेक्षा सरस आहेत. मी हे स्पष्ट सांगते, कुणाला लागो. सलग दहा तास उभं राहायची त्यांना सवय असते, मोबाइल खिशात ठेवतात, आणि लग्नात त्यांच्या ओळखीचं कोणी नसतं. इथल्या पोराचा एक मित्र वऱ्हाडात निघाला की काउंटर रिकामं. पण वरण, आमटी, शेवभाजी, भरीत, मसालेभात, म्हणजे ज्या पदार्थावर म्हाताऱ्या बायका बोट लावून निकाल देतात, तिथे आचारी आपलाच. पोळ्या, भाकरी आपल्याच बायकांच्या. आणि पार्टीच्या घरच्या माणसांसमोर उभा राहणारा कॅप्टन मराठी बोलणाराच हवा. मुलीची आत्या रुसली आहे हे त्याला तिच्या चालण्यावरून कळलं पाहिजे.

मांड्यांचं तर विचारूच नका. खानदेशी पार्टी असली की पुरणाचे मांडे हवेतच. माझ्याकडे मालेगावकडच्या एक मावशी येतात, स्वतःचं खापर गोधडीत गुंडाळून. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर जरासा लाटायचा, मग दोन्ही हातांवर झेलत फिरवायचा, तो मनगटावरून पार कोपरापर्यंत उतरतो, पलीकडचं दिसेल इतका पातळ होतो, आणि एका झटक्यात उपड्या खापरावर पडतो. हे कुठला ठेकेदार पुरवणार? पण गंमत अशी, की त्यांच्या हाताखाली चार वर्षं लाकडं सारणारा बिहारचा एक मुलगा आता मांडे करतो. मावशींच्या इतके मोठे नाहीत, पण फाटत नाहीत. आणि माझा भाज्या करणारा मुख्य आचारी नेपाळचा आहे, अकरा वर्षं झाली, मुलगी इथल्या मराठी शाळेत चौथीत आहे. त्याला बाहेरचा म्हणायचं की इथला, मी तरी ठरवू शकलेली नाही. तेव्हा वाटणी माणसाच्या गावावरून करू नका, हाताला काय येतं त्यावरून करा.

आता ठेकेदाराबद्दल, कारण तुमचा खरा व्यवहार त्याच्याशी होणार आहे. तो १८ सांगून ९ पाठवतो. माझ्याकडे हे दोनदा झालं, दोन्ही वेळा दाट मुहूर्ताला. बाकीची नऊ पोरं दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या लॉन्सवर उभी होती, तिथे भाव जास्त फुटला होता. पोरांना याचा पत्ताही नसतो, त्यांना जीप जिकडे नेईल तिकडे ती जातात. म्हणून उचल एकदम देऊ नका, आणि माणसं गेटवर मोजून घेतल्याशिवाय त्या दिवसाचा पैसा हलवू नका. शक्य असेल तर एक-दोन हंगामांनंतर चांगल्या पोरांशी थेट बोला. मला माहीत आहे, ठेकेदार चिडतो. पण तो पोराच्या ७०० मधले किती त्याच्या हातावर ठेवतो हे एकदा पोरालाच विचारा, मग तुमचं तुम्ही ठरवा.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. बाराएक वर्षांपूर्वी मे महिन्यात पुऱ्यांच्या कढईजवळ एका पोराचा पाय घसरला आणि उजव्या हातावर कोपरापर्यंत तेल आलं. मी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. केसपेपर काढणाऱ्याने विचारलं, नाव? मी म्हटलं, छोटू. तो म्हणाला, पूर्ण नाव? मला येत नव्हतं. दोन महिने तो माझ्या भट्टीवर होता. गाव, वय, घरचा फोन, काहीच नाही. ठेकेदाराचा फोन बंद. तो पोरगा वेदनेने दात खात होता आणि त्याही अवस्थेत त्यानेच स्वतःचं नाव सांगितलं. ते मी आयुष्यात विसरणार नाही. हात बरा झाला, खर्च मी केला, पण तो परत आला नाही.

त्या दिवसापासून माझ्याकडे वही आहे. प्रत्येकाचं आधारवरचं नाव, फोटो, गावचा एक नंबर, आणि वय. ओठावर मिसरूड नसलेला "अठरा पूर्ण" माझ्याकडे चालत नाही. कायद्याने १४ च्या आतलं मूल कामाला ठेवताच येत नाही, पण भट्टीजवळ मी १८ च्या आतलं कोणीही येऊ देत नाही. ठेकेदाराचा माणूस भाजला तर ठेकेदार बघेल असं समजू नका. ज्याचं काम चालू आहे त्याच्यावर भरपाई येऊ शकते, ही तरतूद १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आली आहे. परराज्यातल्या कामगारांसाठी १९७९ चा वेगळा कायदा होता, तो पाच माणसांपासून लागू व्हायचा. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात हा आकडा दहा आहे. तुमचे २५ त्यात आरामात बसतात, आणि वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचा खर्च वगैरे गोष्टी तुमच्याकडे येऊ शकतात. शिवाय अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षाला वैद्यकीय तपासणी, टायफॉइडची लस, आणि २५ माणसांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर हे अन्न परवान्याबरोबर येतंच. त्यात इथला-बाहेरचा भेद नाही. खोली भाड्याने घेताना माहिती पोलीस ठाण्यात द्या. आणि खोलीत एकदा स्वतः जाऊन बघा. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ जण आणि एक संडास असेल, तर तिथला पोट बिघडलेला पोरगा उद्या तुमच्याच काउंटरवर उभा असतो.

सुट्ट्यांचं कॅलेंडर मांडून ठेवा. बिहार-यूपीची मुलं होळीला आणि छटपूजेला जातात, बंगाल-ओडिशाची दुर्गापूजेला, नेपाळची दसऱ्याला. होळी म्हणजे मार्च, तुमची लग्नं चालू. एकाच भागातली २५ पोरं घेतलीत तर २५ एकदम जातील. आणि सणांशिवायही जातात. २००८ च्या फेब्रुवारीत परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं, तेव्हा नाशिक रोडला गाड्या भरभरून कामगार निघून गेले. अंबड-सातपूरच्या कंपन्या अडल्या, तिथे आमची काय कथा. २०२० च्या मे महिन्यात तर मुंबई-आग्रा रस्त्याने माणसं चालत जाताना सगळ्यांनीच पाहिली. त्या वेळी माझ्या खोलीवर सात पोरं अडकली होती, काम शून्य. ठेकेदार गायब. त्यांना आम्ही दीड महिना जेवू घातलं, त्याचं कौतुक नको, पण असा दिवस येऊ शकतो हे खर्चात धरा.

२०२७ च्या सिंहस्थाचं वेगळं गणित आहे. तपोवनात आणि त्र्यंबकला आखाड्यांचे आचारी त्यांचे ते आणतील, पण हॉटेलं, मंडपवाले, भंडारे, कंपन्यांची कंत्राटं यांना हात लागणारच. ठेकेदाराकडची पोरं जिकडे भाव तिकडे जातील. त्या महिन्यांत ज्याच्याकडे दहा घरची माणसं टिकून असतील त्याचाच धंदा चालेल.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? ठेकेदाराला २५ ऐवजी १० सांगा, तेही दोन वेगवेगळ्या भागांतले, किमान हजेऱ्या २० नाही तर १२. इथल्या लोकांमधून ज्यांनी तीन वर्षांत तीनपेक्षा कमी दांड्या मारल्या असे आठ जण काढा, आणि त्यांना तुळशीच्या लग्नाआधी हंगामाचा इसार द्या, वेगळा, हातात. पेठ-सुरगाण्याच्या माणसांना मार्चमध्ये अडवू नका. काढणी उरकली की ते एप्रिल-मेला स्वतःहून फोन करतात. इथल्या-बाहेरच्या दोघांची हजेरी एकच ठेवा, आणि एकाला दुसऱ्याचा धाक कधी दाखवू नका. "नाही आलात तर भैया लोक आहेत" हे वाक्य मी एकदा एका मावशींना बोलले होते, त्या पुन्हा आल्या नाहीत. पहिल्या दोन कामांना बाहेरच्या पोरांना पंगतीवर नेऊच नका, इथल्या वाढप्याच्या मागे पाण्याचा जग घेऊन फिरू द्या. "नको" ऐकायला शिकतील.

आणि टेम्पोवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा. मे महिन्यात रात्री एकला यायला कोणी तयार होत नाही.